वघईच्या पुढचे पन्नास किलोमीटर



पहिला दमदार पाऊस पडला की आपल्या सुरतेत दोन प्रकारची धावपळ सुरू होते. मिठी खाडीच्या काठची, लिंबायत-पर्वत पाटियाकडची माणसं घरातलं सामान पलंगावर आणि माळ्यावर चढवायला लागतात. ज्यांच्या घरात पाणी शिरत नाही, ती माणसं सापुताऱ्याचा बेत आखतात. जुलै-ऑगस्टमधल्या कुठल्याही रविवारी वघई सोडून घाटाकडे निघा, पुढे-मागे सगळ्या आपल्याच जीजे-०५ नंबरच्या गाड्या दिसतील. धुकं बघायला आलेली माणसं काचा वर करून, एसी लावून, समोरच्या गाडीचा लाल दिवा बघत बसलेली असतात.

या सदरात मी एरवी मोबाइल, पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक असल्या विषयांवर लिहितो. या वेळी जरा वेगळा हिशेब मांडतो, कारण मंडळाची पावसाळी सहल तोंडावर आली आहे आणि ती कशी न्यायची, हे अजून ठरायचं आहे. पर्यटकांनी कमी धूर करणाऱ्या वाहनाने फिरावं, यावर आपल्या सगळ्यांचं एकमत असतं. फक्त पर्यटक म्हणजे दुसराच कोणीतरी, असं आपण धरून चालतो.

गेल्या वर्षी आपण ४८ जण १४ गाड्यांतून सापुताऱ्याला गेलो. सुरतहून सापुतारा साधारण १६० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३२०. लिटरला १५ किलोमीटरचं ॲव्हरेज धरू. घाटात तेवढंही मिळत नाही, पण धरू. एका गाडीला २१ लिटरच्या वर पेट्रोल लागलं आणि १४ गाड्यांना मिळून सुमारे ३०० लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल, असं आमच्या घरातच विचारलं गेलं. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि जास्तीचं वजन त्या ऑक्सिजनचं असतं.) म्हणजे एका दिवसाच्या सहलीत आपण जवळपास ६९० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. तेच ४८ जण एका मोठ्या डिझेल बसने गेले असते, तर लिटरला ४ किलोमीटर धरून ८० लिटर डिझेल लागलं असतं. डिझेलचा आकडा लिटरमागे २.७ किलो आहे, त्यामुळे बेरीज २१६ किलो. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

गाडीत पाच माणसं बसली तर हिशेब इतका वाईट दिसत नाही, हेही सांगायला हवं. पण गेल्या वर्षी गाडीमागे साडेतीन माणसंसुद्धा नव्हती. दोन-तीन गाड्यांत तर नवरा-बायको दोघंच होते आणि मागच्या सीटवर चिवड्याचा डबा.

‘आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, आम्ही यातून सुटलो,’ असं म्हणणारेही आता मंडळात आहेत. त्यांच्यासाठी थोडं. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे अजून साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण वीज मुख्यतः कोळशावर होते. युनिटला ७ किलोमीटर धरले तर इलेक्ट्रिक कारचा किलोमीटरला १०० ग्रॅम पडतो, पेट्रोल कारचा १५० ग्रॅम. फरक चांगलाच आहे, आणि शहरातल्या हवेसाठी तर फारच चांगला. पण भरलेल्या डिझेल बसमध्ये माणशी किलोमीटरला १५ ग्रॅमसुद्धा पडत नाहीत. गाडी कशावर चालते याच्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, फरक गाडीत किती माणसं आहेत याने पडतो. विजेवर धावणाऱ्या रेल्वेचं तर बघायलाच नको. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, घर्षण अगदी कमी आणि एका इंजिनामागे हजारभर माणसं. एकट्याने कारमधून जाण्याच्या मानाने तिथे माणशी दहावा भागही पडत नाही.

हा सगळा हिशेब मी घरी जेवताना मांडला. आमच्या नानांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, “तीस वर्षं भुसावळ पॅसेंजरला उभ्याने आलो-गेलो. दिवाळीला गावी जायचं म्हणजे तुला खिडकीतून आत ढकलायचो. आता तू गाडी घेतलीस, तर तीत बसू दे की रे.”

याला माझ्याकडे आकडा नव्हता. खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं सुरतेत आली तीच मुळी तापी व्हॅलीच्या गाडीने. अमळनेर, नंदुरबार, दोंडाईचा इथून ट्रंक आणि गोधडी घेऊन, मिलमध्ये किंवा लूम्सवर काम मिळेल या भरवशावर. त्या पिढीने आयुष्यभर कमी कार्बनचाच प्रवास केला, पण हौसेने नाही. दारात उभी असलेली गाडी ही त्या उभ्याने केलेल्या प्रवासाची भरपाई आहे. त्यांना ‘गाडी ठेवा आणि रेल्वेने चला’ म्हटलं, की ते ‘परत जिथून आलात तिथे चला’ असंच ऐकू येतं. पर्यावरणाची भाषणं आपल्याकडे रुजत नाहीत त्याचं एक कारण मला हे वाटतं. म्हणून मी नानांशी वाद घातला नाही. म्हटलं, एकदा बिलिमोरा-वघईच्या छोट्या गाडीने जाऊ, नाही आवडलं तर पुढच्या वेळी आपली गाडी आहेच.

ही गाडी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? बिलिमोरा म्हणजे मुंबईच्या वाटेवर, नवसारीच्या पुढचं स्टेशन, आपल्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथून वघईपर्यंत ६३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग आहे. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. हा मार्ग १९१३ साली बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या काळात सुरू झाला. डांगच्या जंगलातलं सागवान खाली आणायचं, हा मुख्य उद्देश. गादीवर तेव्हा सयाजीराव महाराज होते, म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. आपल्याकडच्या मुलाने मोठं होऊन बांधलेली रेल्वे म्हणा ना. पुढे सागवानाची वाहतूक गेली आणि गाडी राहिली ती डांग-वांसद्याच्या आदिवासींसाठी: बाजाराला जाणारे, दवाखान्याला जाणारे, शाळा-कॉलेजची मुलं.

कोविडमध्ये २०२० साली ती बंद पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोट्यातल्या ११ शाखामार्गांची जी यादी निघाली, तीत या मार्गाचंही नाव होतं. कायमची बंद होणार, असंच सगळे धरून चालले होते. तिकडच्या लोकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली, या वेळी पर्यटकांसाठी एक एसी डबा जोडून. त्यामुळे या गाडीत आपण बसणं हा नुसता कार्बनचा प्रश्न राहत नाही. एसी डब्यातली आपली तिकिटं आणि साध्या डब्यातली त्या बायकांची तिकिटं एकाच खात्यात मोजली जातात. गाडी रिकामी धावली, तर पुढच्या यादीत तिचं नाव पुन्हा येऊ शकतं. तेव्हा आपण कारने सापुताऱ्याला जाऊच. त्या बायका कशाने जातील?

तर गेल्या श्रावणात आम्ही चौघं निघालो: नाना, मी, सौ. आणि आमची पाच वर्षांची लेक. एसीचा हट्ट सौ.नेच मोडून काढला, साध्या डब्यात बसलो. गणदेवीकडे चिकूच्या वाड्या आणि ऊस, मग भातखाचरं, आणि उनाईनंतर झाडं इतकी जवळ येतात की लेकीला खिडकीतून हात आत घे, हात आत घे, असं सारखं सांगावं लागतं. वेग विचारू नका. ६३ किलोमीटरला तीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सायकलवाल्याशी गप्पा मारता येतील असा. ज्यांना ‘पोहोचायचं’ आहे त्यांच्यासाठी ही गाडी नाहीच. इंजिन डिझेलचं आहे, हेही मान्य. पण ते कुणी बसो न बसो, धावणारच असतं. आपण चौघं चढल्याने त्याला किती जास्त डिझेल लागणार?

अनावलच्या पुढे एक आजी मोठं गाठोडं घेऊन नानांच्या समोर बसल्या. नानांनी सवयीने अहिराणीत विचारलं, “कथा चालनात?” आजींनी डांगीत उत्तर दिलं आणि दोघांचं जे सुरू झालं ते वघईपर्यंत. डांगी आणि अहिराणी या सख्ख्या मावसबहिणी आहेत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. प्रत्यक्षात ऐकलं त्या दिवशी. आमची मराठी आजींना निम्मी कळत होती, सौ.ची गुजराती पाऊण, आणि नानांची अहिराणी पुरी. सुरतेत कोणी ऐकत नाही म्हणून नाना अहिराणी घरातच बोलतात. इथे अख्खा डबा त्यांच्या बाजूचा होता.

इथपर्यंत सगळं छान. वघईला उतरल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. वघई ते सापुतारा साधारण पन्नास किलोमीटर. आम्ही धरलेली बस गाडी पोहोचण्याआधीच निघून गेली होती. पुढची कधी, ते तिघांनी तीन वेळा सांगितलं. पाऊस पडत होता, लेकीला भूक लागली होती आणि नाना काही बोलत नव्हते, ते बोलण्यापेक्षा वाईट. शेवटी एका वडापच्या जीपमध्ये जागा मिळाली. नऊच्या जागी चौदा. सापुताऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट सुरतेच्या एसटीने परतलो. ती मात्र वेळेवर आली आणि बसायला जागाही मिळाली.

माझ्या मते पर्यटकांना गाडी घरी ठेवायला लावण्याचा सगळा प्रश्न या पन्नास किलोमीटरमध्ये आहे. रेल्वे आहे, स्वस्त आहे, मजेची आहे. पण शेवटच्या टप्प्यात आपलं काय होणार, याची खात्री नसली की माणूस पहिल्याच टप्प्याला गाडीची चावी उचलतो. त्यातून सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर त्याने चावी उचलू नये असं मीही म्हणणार नाही.

हा शेवटचा टप्पा जिथे नीट बांधला आहे, तिथे आपणच किती आनंदाने गाडी सोडतो बघा. वणीच्या सप्तशृंगी गडावर आपल्यातले निम्मे लोक दरवर्षी जातात. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या पायथ्याला नांदुरीतच थांबवतात आणि वर एसटीच्या बस भराभर सुटत राहतात. नांदुरीत कोणी ‘माझी गाडी, माझा हक्क’ म्हणून भांडताना मी पाहिलेलं नाही. एक बस भरली की मागे दुसरी उभी असते, मग भांडायचं कशाला? (चैत्रात खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांचं तर सोडाच. कमी कार्बनचा प्रवास त्यांनी कोणाकडून शिकायचा?) माथेरानला तर दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जातच नाही, आणि म्हणूनच तिथे गेल्यावर माथेरानला गेल्यासारखं वाटतं.

आपल्या बाजूचं उदाहरण केवडियाचं. जानेवारी २०२१ मध्ये तिथे रेल्वे स्टेशन झालं आणि त्याच वर्षी ५ जूनला, पर्यावरणदिनी, तो परिसर फक्त विजेवरच्या वाहनांचा करण्याची घोषणा झाली. तिथल्या गुलाबी ई-रिक्षा गावातल्याच बायका चालवतात. पुतळा बघून आलेले आपले लोक पुतळ्याइतकंच त्या रिक्षावाल्या ताईंबद्दल बोलतात. तिथे कार्बनचं नाव काढायची गरजच पडत नाही. गाडीतून उतरलं, की समोर पुढची सोय उभी.

सहलीकडे वळण्याआधी उलट्या बाजूच्या प्रवासाबद्दल थोडं, कारण सुरतेत आपण यजमानही असतो. लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडचे पाहुणे बस्त्यासाठी आपल्याकडे येतात. दोन इनोव्हा भरून येतात आणि ड्रायव्हर दिवसभर रिंग रोडला पार्किंग शोधत फिरतो. उधना-जळगाव मार्ग आता दुहेरी आणि विजेचा झाला आहे, सध्या बऱ्याच गाड्या उधन्यालाच थांबतात, आणि कपड्याची मार्केटं सुरत स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मग ते रेल्वेने का येत नाहीत? मी आमच्या मामेबहिणीला विचारलं. ती म्हणाली, “येऊ रे, पण जाताना ते गठ्ठे कोण उचलणार?” चोख प्रश्न. त्याचं उत्तरही सुरतेतच आहे: दुकानदाराला सांगितलं तर तो गठ्ठा बांधून ट्रान्सपोर्टने गावी पाठवतो, व्यापाऱ्यांचा माल रोज तसाच जातो. हे पाहुण्यांना माहीत नसतं, आपल्याला असतं. आणि शहरात फिरायला सिटीलिंक आहेच. बीआरटीएसचा पहिला टप्पा २०१४ साली सुरू झाला तो उधना दरवाजा ते सचिन, म्हणजे आपल्याच वस्त्यांतून. आता ते जाळं शंभर किलोमीटरच्या पुढे गेलं आहे आणि विजेवरच्या बस भरपूर आल्या आहेत. ‘सुमन प्रवास’ नावाचं दिवसभराचं एकच तिकीट मिळतं, सुरू झालं तेव्हा ते २५ रुपयांना होतं. पाहुण्यांना पत्ता पाठवताना आपण ‘खाली पार्किंग आहे’ हे आवर्जून लिहितो. त्याच्याखाली जवळच्या बस स्टँडचं नाव लिहायला किती वेळ लागतो?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. कितीही पर्याय द्या, आधीपासून जिथे टिक केलेली असते तिथेच बहुतेक माणसं ठेवतात. आपल्या सहलीच्या पत्रकात दरवर्षी पहिली ओळ असते: ‘ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आपापल्या गाडीने यावे, बाकीच्यांची सोय केली जाईल.’ म्हणजे टिक गाडीवर, आणि रेल्वे-बस ही ‘बाकीच्यांसाठी’, जणू उपकार. ही ओळ उलटी करावी, एवढीच माझी सूचना होती: ‘सर्वांनी मंडळाबरोबर रेल्वेने यावे, ज्यांना गाडी आणणे आवश्यक आहे त्यांनी आधी कळवावे.’ गुडघेदुखी, तान्हं बाळ, काहीही कारण असू दे, कोणी जाब विचारणार नाही. फक्त कळवायचं.

मिटिंगमध्ये यावर तासभर चर्चा झाली. सहलप्रमुख काकांचं म्हणणं, दोन ठिकाणी चढ-उतर करताना पन्नास माणसं मोजायची कोणी? ते काम युवा विभागाने घेतलं आहे, दर दहा माणसांमागे एक जण. एका वहिनींनी विचारलं, तीन तासांच्या गाडीत बाथरूमचं काय? प्रश्न रास्त आहे. बिलिमोऱ्याला चढण्याआधी पुरेसा वेळ ठेवला आहे आणि उनाईला उतरू इच्छिणाऱ्यांचा वेगळा गट करणार आहोत. ते उनाई मातेचं दर्शन आणि गरम पाण्याचे झरे बघून मागून जीपने येतील. सापुतारा एका दिवसात होणार नाही, हा आक्षेप तर खराच होता, म्हणून एक मुक्काम वाढवला आहे. पहिल्या दिवशी वघईचं बोटॅनिकल गार्डन आणि गिरा धबधबा, जो पावसाळ्यातच बघण्यासारखा असतो आणि वघईपासून अगदी जवळ आहे. दुसऱ्या दिवशी सापुतारा.

त्या पन्नास किलोमीटरसाठी वघईतल्याच गाडीवाल्यांकडून दोन मिनीबस ठरवायच्या आहेत. सुरतेहून बस रिकामी पाठवण्यात अर्थ नाही, आणि भाड्याचे पैसे डांगमध्येच राहतील. त्या बस गाडी येण्याआधी स्टेशनबाहेर उभ्या असतील, हे मी स्वतः जाऊन पक्कं करून येणार आहे. मिनीबसचं डिझेल ३०-३५ लिटर, म्हणजे ८५-९० किलो कार्बन डायऑक्साइड. दोन्ही रेल्वेगाड्यांमधला आपला वाटा त्यात मिळवला, तरी गेल्या वर्षीच्या ६९० किलोच्या निम्म्यापेक्षा आकडा बराच खाली राहतो. माणशी खर्चाचा तक्ता ग्रुपवर टाकला आहे. मुक्कामाचे पैसे वाढले, पेट्रोलचे वाचले.

मिनीबस ठरवण्यासाठी किमान ४० नावं हवीत. त्याहून कमी झाली तर या वर्षीही आपापल्या गाडीनेच, असं मिटिंगमध्ये ठरलं आहे आणि ते मला मान्य आहे. आजपर्यंत २७ आली आहेत. नावं देताना वय आणि कोणाला खालची खोली हवी असेल तर तेही लिहा. शेवटची तारीख ३० जून. छोट्या गाडीचं वेळापत्रक पावसाळ्यात बदलू शकतं, म्हणून सुटण्याची वेळ ग्रुपवर आदल्या आठवड्यात टाकू. बिलिमोऱ्यापर्यंतच्या लोकलसाठी उधन्याला चढणारे आणि सुरत स्टेशनला चढणारे, अशा दोन याद्या करतो आहोत. तुम्हाला कोणतं स्टेशन सोयीचं, तेही नावासोबत कळवा.